सकाळची दहा मिनिटं

प्रवेशाचा हंगाम आला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅम, इथे घोकंपट्टी नसते ना?" विचारणारे बहुतेक आपलेच. स्वतः नौपाड्यात नाहीतर डोंबिवलीत मराठी माध्यमात शिकलेले, आता घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरात बाविसाव्या मजल्यावर राहणारे. प्रवेशाचं काम माझं नाही. मी मराठी शिकवते. पण त्या गर्दीत मराठीत बोलणारी मीच सापडते, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. मी सांगते, असते. रोज सकाळी दहा मिनिटं. ऐकून एकेकाचा चेहरा असा उतरतो की विचारू नका.

ब्रिटिश पद्धतीची शाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बीनबॅगा येतात, रंगीत भिंती येतात, गोलात बसलेली मुलं येतात. ते सगळं आमच्याकडे आहे, खोटं कशाला बोलू. पण ज्या इंग्लंडच्या नावावर हे चाललंय, तिथे २०२२ पासून सरकारी शाळेतल्या चौथ्या वर्षाच्या, म्हणजे आपल्या तिसरीच्या वयाच्या मुलांना पाढ्यांची चाचणी सक्तीची आहे. संगणकावर २५ प्रश्न, बाराच्या पाढ्यापर्यंत, आणि प्रत्येक उत्तराला फक्त ६ सेकंद. सहा सेकंदांत बोटांवर मोजून होत नाही. पाठच असावं लागतं. त्याआधी २०१२ पासून पहिल्या वर्षाच्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांची वाचनाचीही एक चाचणी आहे. ४० शब्द, त्यातले निम्मे चक्क निरर्थक, म्हणजे मुलाने चित्रावरून किंवा अंदाजाने ठोकून देऊ नये, अक्षराचा आवाज ओळखून वाचावं. याला तुम्ही मोकळीक म्हणणार असाल तर म्हणा.

फरक आहे तो त्या दहा मिनिटांनंतर काय होतं त्यात. आमच्या वेळी पाढा म्हणून झाला की संपलं. छडी चुकली, गंगेत घोडं न्हालं. इथे पाढा पाठ झाल्यावर त्याला कामाला जुंपतात, आणि हे मला नीट कळलं ते ग्रँडपेरेंट्स डेच्या दिवशी.

हा दिवस बहुतेक शाळांत नाचगाण्यात जातो. आमच्या गणिताच्या मॅम मल्याळी आहेत, त्यांना नाचगाण्याचं वावडं. त्यांनी आजीआजोबांना सरळ वर्गात बसवलं आणि चालू धडाच पुढे सुरू केला. अपूर्णांक चालले होते. मुलांपुढे पुठ्ठ्याच्या पट्ट्या: लाल पट्टी म्हणजे एक पूर्ण, निळी म्हणजे तिचा पाव भाग. मी दुभाषी म्हणून मागे उभी. इथे एरवी सगळे मला मॅम म्हणतात, त्या दिवशी मात्र आजीआजोबांच्या तोंडी 'बाई' आलं आणि बरं वाटलं.

एक आजोबा, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर स्टोअर सांभाळलेले, पट्ट्यांकडे बघून म्हणाले, "बाई, आम्हाला याची पावकी होती." पावकी म्हणजे पावाचा पाढा. आणि सुरूच झाले. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड... मुलं आधी हसली, कारण पाव म्हटल्यावर वडापावाशिवाय दुसरं काही डोक्यात येणं शक्य नव्हतं. मॅमनी मला विचारून घेतलं की हे काय चाललंय, आणि मग आजोबांना मध्येच अडवलं. सात पाव किती? आजोबा म्हणाले, पावणेदोन. प्रश्न संपायच्या आत.

"हाऊ डू यू नो?" मॅमनी हा प्रश्न आजोबांना नाही, वर्गाला केला. म्हणजे, आजोबा म्हणतात ते खरं कशावरून? मग सात निळ्या पट्ट्या ओळीत लावल्या गेल्या, त्यांच्याखाली लाल. चार निळ्यांत एक लाल भरली. तीन उरल्या. दुसरी लाल लावली तर एका निळीएवढी जागा रिकामी. एक मुलगी ओरडली, "दोनला एकच कमी पडतोय!" आजोबांनी टाळी वाजवली.

खरी मजा त्यापुढे. आजोबांना चेव आला आणि त्यांनी औटकी काढली. औट म्हणजे साडेतीन. सात औट किती, तर साडेचोवीस. यासाठी कोणाकडे पट्टी नव्हती. मॅमनी फळ्यावर आयत काढला, एक बाजू सात, दुसरी साडेतीन, आणि मध्ये रेघ मारून त्याचे दोन तुकडे केले. मोठ्या तुकड्यात सात त्रिक एकवीस. चिंचोळ्या तुकड्यात सात अर्धे, साडेतीन. बेरीज साडेचोवीस. आजोबा उठून फळ्यापाशी गेले, चष्मा वर केला, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "असं असतं होय हे!" लहानपणी छड्या खाऊन पाठ केलेलं, पुढे रोज वापरलेलं, पण त्याचं चित्र त्यांना कोणी काढून दाखवलं नव्हतं. आणि मुलांना वेगळंच आश्चर्य: आपण पट्ट्या, रेघा, बेरीज करेपर्यंत या माणसाचं उत्तर तयार कसं? तासानंतर पोरं त्यांच्याभोवती जमली ती सुटेनात.

आधी वस्तू हातात, मग चित्र, मग आकडे हा क्रम जेरोम ब्रुनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९६० च्या दशकातल्या मांडणीवरून आलेला. सिंगापूरने १९८० च्या दशकात तो गणितात मुरवला आणि तिथून तो इंग्लंडच्या शाळांत गेला. म्हणजे 'ब्रिटिश पद्धत' ही तशी बऱ्याच ठिकाणांहून गोळा केलेली आहे. त्यातलं थोडं आपल्याकडूनही गेलंय. आमच्या सगळ्यात लहान वर्गात वाळूचे ट्रे आहेत, मुलं बोटाने त्यात अक्षरं काढतात. पालक फोटो काढतात, 'सेन्सरी लर्निंग' म्हणून स्टेटसला टाकतात. आता गंमत ऐका. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासला एका अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. आसपासच्या देशी शाळेत पोरं वाळूत बोटाने लिहिताना त्याने पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली. जोडीला मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं अशी व्यवस्था लावली. मायदेशी परत गेल्यावर १७९७ मध्ये त्याने त्यावर पुस्तिका छापली आणि ही 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर पसरली. त्याच्या सेंट अँड्र्यूज गावात मद्रास कॉलेज नावाची शाळा आजही चालू आहे. धुळाक्षरं गिरवलेल्या एखाद्या पणजीला हा ट्रे दाखवला तर ती काय म्हणेल, तुम्हीच ठरवा.

आणि कृतीतून शिक्षण हे काही घोडबंदर रोडवर उगवलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ सोबत होत्या. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, माती. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत हे सगळं आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये मात्र फिनलंड येतो, कोसबाड येत नाही. असो.

सगळं छान छान नाही. प्रोजेक्ट या प्रकाराने माझं डोकं उठतं. ज्वालामुखी करून आणा म्हटलं की वर्गात बहुतेक ज्वालामुखी आयांनी केलेले, आणि एखादा स्टेशनरीवाल्याकडून तयार आणलेला. त्यांत मुलाचा हात लागलेला एकच, वाकडा आणि गळका, आणि प्रदर्शनात तो मागे सरकवलेला. ज्या शाळेत मी आधी होते तिथेही हेच. मी माझ्या विषयात घरून काही करून आणायला सांगतच नाही. जे करायचं ते माझ्यासमोर.

मराठीचं म्हणाल तर २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत ती सक्तीची झाली, म्हणून आमच्यासारख्या शाळेत माझी खुर्ची पक्की झाली. मी जुन्या पद्धतीने जोडाक्षरांचं शुद्धलेखन घालते, रोज पाच शब्द, चुकलं तर परत. आणि मग मुलांना जांभळी नाक्याच्या बाजारात नेते. प्रत्येकाने एका भाजीचं नाव, भाव आणि ती कुठून आली एवढं विचारून वहीत लिहायचं. मागच्या वेळी एक मुलगा आल्याच्या टोपलीपाशी अडकला. मावशी म्हणाल्या, "दीडशे." याने वहीत लिहिलं १००.५. मावशींनी वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे बाळा, एवढ्यात माझं दिवाळं निघेल." मग त्यांनीच त्याला शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा दाखवून समजावलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्या काय, नोटा काय, क्रम तोच.

शेवटी परीक्षा आहेच. केंब्रिजची परीक्षा घेणारी संस्था १८५८ ची, आणि दहावीच्या जागी जी आयजीसीएसई आहे ती १९८८ पासूनची. सोळाव्या वर्षी हॉलमध्ये बसून, घड्याळ लावून, हाताने पेपर लिहायचा असतो. गणितात उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर रीतीचे गुण मिळतात. आमच्या एसएससीतही पायऱ्यांना गुण होतेच, फक्त आम्ही ते पालकांना माहितीपत्रकात छापून सांगत नव्हतो.

त्या ग्रँडपेरेंट्स डेपासून गणिताच्या मॅमनी सकाळच्या दहा मिनिटांत दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, घेतलीय. मी त्यांना ती रोमन लिपीत लिहून दिली, त्या मल्याळी हेलात म्हणतात आणि मुलं तशीच म्हणतात. परवा एका आईचा शाळेच्या ॲपवर मेसेज आला. मुलगी रिक्षात बसल्या बसल्या "सात दिडे साडेदहा" म्हणत होती, हे कुठल्या सिलॅबसमध्ये आहे? मॅमनी तो मला फॉरवर्ड केला आणि खाली विचारलंय, अडीचकी कधी लिहून देताय?