परवान्याची तपासणी काढताना

इतकी वर्षे पैसे घेऊन दिलेली आमची आलेख काढणारी लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्रामात जोडायचा तयार कोड) पुढच्या आवृत्तीपासून ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही कोड पाहता, बदलता आणि वाटता येईल अशी, होणार आहे. आज परवान्याची की (ग्राहकाला दिलेला सांकेतिक क्रमांक) तपासणारा भाग काढला. की जुळली नाही तर आलेखाच्या कोपऱ्यात वॉटरमार्क उमटवणारे ते फंक्शन वरवर पाहता एका फाइलपुरते होते. प्रत्यक्षात त्याचे धागे आलेख रंगवणाऱ्या मुख्य लूपपर्यंत गेलेले होते आणि ते सोडवताना सगळ्या टेस्ट पुन्हा पुन्हा चालवाव्या लागल्या.

एवढ्याने लायब्ररी मोफत होते, खुली होत नाही. २०२५ मध्ये जीसॅप ही ॲनिमेशनची लायब्ररी, पूर्वी पैसे मोजून मिळणाऱ्या प्लगइनांसह, सर्वांसाठी मोफत झाली आणि अनेकांची मोठी सोय झाली. पण तिचा परवाना ओपन सोर्सच्या व्याख्येत बसणारा नाही. याउलट २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोबाइल ॲप बनवण्याची साधने देणारी झामरिन ही कंपनी विकत घेतल्यावर तिचा एसडीके (ॲप बनवणाऱ्यांसाठीचा साधनसंच) एमआयटी या मुक्त परवान्याखाली खुला केला. उद्या मालकाचे मन बदलले तरी हाती असलेल्या कोडचा फोर्क (स्वतंत्र प्रत) काढून काम पुढे नेता येणे, हा हक्क मला किमतीपेक्षा फार मोलाचा वाटतो.

या बाबतीत क्यूटी या, प्रोग्रामच्या खिडक्या आणि बटणे बनवणाऱ्या लायब्ररीचा इतिहास मला वारंवार आठवतो. १९९६ मध्ये सुरू झालेला केडीई हा लिनक्सच्या डेस्कटॉपचा प्रकल्प क्यूटीवर उभा होता, पण तिचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता, आणि १९९७ मध्ये ग्नोम हा तसाच दुसरा डेस्कटॉप सुरू होण्यामागे हे एक मोठे कारण होते. १९९८ मध्ये क्यूटी बनवणारी ट्रोलटेक कंपनी आणि केडीई यांनी मिळून एक फाउंडेशन स्थापन केले आणि करारात असे ठरवले की कंपनीने मुक्त आवृत्ती काढणे बारा महिने थांबवले, तर क्यूटी बीएसडी पद्धतीच्या, फारशा अटी नसलेल्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्याचा हक्क फाउंडेशनला मिळेल. पुढे क्यूटीला २००० मध्ये जीपीएल आणि २००९ मध्ये एलजीपीएल हे मुक्त परवाने मिळाले, आणि व्यावसायिक परवान्याची विक्रीही चालूच राहिली. वापरणाऱ्याला असा लेखी भरवसा देणारी कंपनी मला खरी उदार वाटते.

आमच्याकडे सर्वांत किचकट काम कमिटांच्या, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाच्या नोंदींच्या, इतिहासाचे आहे. जुन्या नोंदींमध्ये ग्राहकांची नावे आहेत, एका ठिकाणी साइनिंगची की (आवृत्ती आमचीच असल्याची खूण करणारी गुप्त किल्ली) आहे, आणि फॉन्ट हाताळणारा एक घटक दुसऱ्या कंपनीकडून घेतलेला असल्यामुळे तो प्रसिद्ध करण्याचा अधिकारच आम्हाला नाही. सगळा इतिहास पुसून एकाच कमिटने सुरुवात करावी, असे काही सहकाऱ्यांचे मत आहे. मला ते पटत नाही. लॉगॅरिदमिक अक्षावर शून्य आले की काय करायचे, याचा निर्णय ज्या कमिटमध्ये झाला त्याच्या संदेशात त्यामागचे कारण सविस्तर लिहिलेले आहे, आणि नव्या माणसाला कोडपेक्षा त्या कारणाचाच जास्त उपयोग होईल. गुपिते तेवढी वगळून बाकीचे ठेवण्यासाठी लागेल तितका वेळ मी देईन.

परवाना अपाचे २.० असावा, कारण त्यात पेटंटच्या हक्काची स्पष्ट तरतूद आहे. ज्यांनी वार्षिक देखभालीचे पैसे आधीच भरले आहेत त्यांना उरलेल्या मुदतीत पूर्वीसारखीच मदत मिळेल, असे पत्र उद्या लिहायला घेतो. जुन्या आवृत्तीवर राहणाऱ्यांनाही कीची गरज पडू नये म्हणून तिच्यासाठी शेवटची एक दुरुस्ती काढावी, असा माझा आग्रह राहील.