आप्पांच्या पायातला गोळा

पहाटे ४ ला आप्पांनी हाक मारली. डाव्या पोटरीत गोळा, अंगठा वर ताठलेला, बाकीची बोटं आत वळलेली. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, रात्रीच्या लेव्होडोपाच्या गोळीचा असर पहाटेपर्यंत उतरतो, तेव्हा हे दुखणं बऱ्याचदा उठतं. आईनं गरम पाण्याची पिशवी आणली. मी टाच तळहातात धरून पाऊल हळूहळू वर रेटत बसले. आप्पा ओरडत नाहीत, फक्त चादर मुठीत धरतात. ते मला बघवत नाही.

बऱ्याच वेळानं बोटं सुटली. मग सकाळची गोळी, पाण्याबरोबर. दूध नंतर, कारण प्रथिनांमुळे ती नीट लागू पडत नाही.

येळ्ळूरच्या भातशेतात चिखलणी केलेले पाय हे! उजाडल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत माझा हात धरून चालले. पहाटेच्या डोसबद्दल उद्या डॉक्टरांना विचारणार आहे.