आमची वाटचाल: एका झाकणाने शिकवलेलं

धोकादायक माल जहाजासाठी कंटेनरमध्ये भरून देणं हे आमचं काम. एक शेड, तीन माणसं आणि एक टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), एवढ्यावर फर्म उभी राहिली. रेंच आजही तोच आहे. ड्रमचं बंग, म्हणजे आट्यांचं बूच, किती घट्ट करायचं हे निर्मात्याच्या सूचनापत्रात लिहिलेलं असतं. तो आकडा लावून प्रत्येक बंग आवळतो. अंदाजाने कमी आवळलं तर हादऱ्यांनी सैल होतं, जास्त आवळलं तर गॅस्केट (बुचाखालची सीलची चकती) चेंगरतं.

फर्म बुडायची वेळ आली ती हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे. धोकादायक मालाच्या यादीत यूएन 2014, वर्ग 5.1 (ऑक्सिडायझर, म्हणजे आग भडकवणारा), दुय्यम धोका 8 (गंजवणारा). हा माल नुसता ठेवला तरी हळूहळू ऑक्सिजन सोडतो, उष्णतेने किंवा धातूच्या अंशाने जास्तच. म्हणून त्याला व्हेंटचं, म्हणजे वायू बाहेर सोडणारं, झाकण लागतं. शिपरकडची (माल पाठवणाऱ्याकडची) ती झाकणं संपली, त्यांनी साधी लावली. आम्ही लेबलं पाहिली, ड्रमवरचं यूएन मार्किंग (चाचणीत पास झाल्याची खूण) पाहिलं, प्लास्टिक ड्रमची पाच वर्षांची मुदत पाहिली. झाकणं पाहिली नाहीत. वाटेत ड्रम फुगले, दोन गळले, खालचे पॅलेट भिजले. लाकडाला आग लागली नाही हे नशीब. पॅकिंग सर्टिफिकेटवर (कंटेनर नीट भरल्याच्या दाखल्यावर) सही आमची, म्हणून भरपाईही आमच्याकडूनच वसूल झाली. शिपर हात झटकून मोकळे झाले. ते अजून सलतं.

त्याच सुमारास एक प्रतिस्पर्धी असाच माल ‘सफाईचं द्रावण’ म्हणून साध्या दरात पाठवत होता. आमची गिऱ्हाइकं तिकडे वळली. चुकीच्या नावाचा कंटेनर जहाजावर कुठेही रचला जातो, आणि आग लागली तर विझवणाऱ्याला आत काय आहे ते कळत नाही.

रंगवाले एक गिऱ्हाईक तेवढे टिकले. त्यांचा माल यूएन 1263, वर्ग 3 (ज्वलनशील द्रव). उरलेल्या जागेत पेरॉक्साइड भरू का, असं त्यांनी विचारलं होतं. आयएमडीजी कोडप्रमाणे (समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) वर्ग 3 आणि 5.1 एका कंटेनरमध्ये चालत नाहीत, म्हणून नाही म्हटलं. त्यांनी दोन कंटेनरचं भाडं दिलं आणि पुढची सगळी कामं आम्हालाच दिली.

नंतरची वर्षं सुरळीत गेली. नव्यांना एवढंच सांगतो: स्ट्रेच रॅप (पॅलेटभोवती गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म) व्हेंटवरून कधी ओढू नका, व्हेंट झाकला की साधं झाकण लावल्यासारखंच. ड्रम उभेच ठेवा. रिकामे पण न धुतलेले ड्रम भरलेलेच समजा, त्यांची लेबलं काढू नका. कंटेनरच्या चारही बाजूंना 250 मिमीचे प्लॅकार्ड (धोक्याचे मोठे फलक) लावा, आणि माल उतरून कंटेनर साफ झाला की तेच आधी काढा.