जांभळाच्या खोडावरची लिपी

क्षेत्र महाबळेश्वर सोडून आर्थर सीटच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी बुटकं, दाट रान सुरू होतं. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा. बहुतेक गाड्या थेट पॉइंट गाठतात. आम्ही पावसाळा सरल्यावर गेलो होतो आणि एका जांभळाच्या खोडाला नाक लावून उभे होतो. "साप आहे का हो?" एका काकांनी गाडीची काच खाली करून विचारलंच.

साप नव्हता, ग्राफिस होतं: एक लायकेन, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांची एकत्र राहणारी जोडी. निदान सोबतच्या वनस्पतीशास्त्रवाल्या मित्राचं तसं म्हणणं. गोड्या मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, पण ते पानासारखं सुटं असतं, हलकेच उचलता येतं. हा राखाडी-पांढरा थर मात्र सालीत असा मुरलेला की साल कापल्याशिवाय हाती येणार नाही. अशांना क्रस्टोज म्हणतात. भिंगातून पाहिलं तर थरावर काळ्या, बारीक, फाटे फुटलेल्या रेघा: घाईघाईत लिहिलेली मोडीच! प्रत्येक रेघेला मधोमध चीर असते, तिच्यातून बुरशीचे बीजाणू बाहेर पडतात. मित्राने कडेला नखाने किंचित खरवडलं, तर आत नारिंगी झाक. ती जोडीतली शेवाळ, ट्रेन्टेपोहलिया. गट हिरव्या शेवाळांचा, पण कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे रंग नारिंगी. अन्न बनवायचं हिने, आणि नियमानुसार अख्ख्या जोडीला लागणारं शास्त्रीय नाव मात्र बुरशीचं! मला तरी हा उघड अन्याय वाटतो.

तर बुरशीची वंशावळ: अ‍ॅस्कोमायकोटा संघ, लेकॅनोरोमायसीट्स वर्ग, ग्राफिडेसी कुळ. युरोपातल्या हिच्या भाऊबंदाला लिनियसने १७५३ मध्ये 'लायकेन स्क्रिप्टस' म्हटलं. पुढे लायकेनांचा अभ्यासक अकॅरियस याने त्याला ग्राफिसमध्ये नेलं. मग बरीच वर्षं बीजाणूंवरून वाटणी चालली. बीजाणू रंगहीन की तपकिरी, त्यांच्या आतले पडदे नुसते आडवे की उभे-आडवे, एवढ्यावर चार प्रजाती (जीनस): ग्राफिस, ग्राफिना, फिओग्राफिस, फिओग्राफिना. पाठ करायला सोपं, पण नाती चुकलेली. २००२ मध्ये लायकेन-अभ्यासक बेटिना श्टायगर यांनी ही चौकट मोडली. त्यामुळे जुन्या भारतीय याद्यांतली ग्राफिनाची कित्येक नावं आज ग्राफिसखाली सापडतात.

आमच्या खोडावरच्या ग्राफिसची जात कोणती, हे काही ठरलं नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू बघावे लागतात, थरातली रसायनं तपासावी लागतात. फोटोत यातलं काहीच येत नाही, आणि राखीव जंगलातली साल परवानगीशिवाय कापायची नसते.