मला कुणी खाल्लं?
लेकीचं सासर इटलीतल्या बोलोन्याचं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, 'आय मांजातो?' जेवलीस? सुरुवातीला मला वाटायचं, आईला हाक मारतायत.

इटालियनमधलं हे प्रश्नाचं प्रकरण सोपं निघालं. इंग्रजीतल्या 'डिड'सारखी भानगड नाही. वाक्य तेच, फक्त शेवटी सूर चढवायचा. 'पेर्के' म्हणजे 'का' आणि 'कारण'सुद्धा, एकाच शब्दात सवाल-जवाब.

घोटाळा उत्तरात झाला. झालेली गोष्ट सांगताना आधी 'ओ' नाहीतर 'सोनो' लागतं. 'सोनो'पुढे बाई-पुरुष बघून रूप बदलतं: मी 'सोनो आंदाता', आमचे हे 'सोनो आंदातो'. गेले, गेलो! त्याच चालीवर मी 'जेवले'चं 'सोनो मांजाता' ठोकून दिलं. विहीणबाईंनी चष्मा काढला. 'दा की?' कुणाकडून? मला कुणीतरी खाल्लंय, असं मी हसतमुखाने सांगितलं होतं. हवं होतं 'ओ मांजातो'.

सोमवारी ठाणे-वाशी लोकलमध्ये मी नियम शोधला. त्याने खाल्लं, त्याने पाहिलं: 'ने' असेल तर 'आवेरे', म्हणजे 'ओ'चं घराणं. तो गेला, आला, पडला: 'ने' नाही, मग 'एस्सेरे', म्हणजे 'सोनो'चं. ऐरोलीपर्यंत मी खुशीत. घणसोलीला 'तो झोपला' आडवा आला. 'ने' नाही, तरी इटालियनमध्ये 'आ दोर्मितो', म्हणजे 'आवेरे'च. हसला, रडला, पोहला, सगळे फितूर. आणि 'जेवला'ही त्यांच्यातलाच!

'मांजावो'ला मात्र त्रास नाही. इंग्रजीतून शिकणारे 'यूज्ड टू'ने डोकं धरतात. आपल्याकडे त्याला 'मी खायचे' तयार आहे. लहानपणी तलावपाळीला जायचो, 'आंदावामो'. तिसरा एक भूतकाळ आहे, गोष्टींच्या पुस्तकांत आणि दक्षिणेकडच्या बोलण्यात. बोलोन्यात बोलताना तो फारसा लागत नाही, म्हणून मी त्याच्या वाटेला गेलेले नाही.

परवा लेकीने तिकडे पुरणपोळी केली. मी विचारलं, 'ती ए प्याचूता?' तुला आवडली? 'तुला'ही आपल्यासारखंच, आणि पोळी बाई म्हणून शेवटी 'ता'. विहीणबाईंनी तोंडातला घास सावरत मान डोलावली. मग, 'ए तू? आय मांजातो?'

'ओ,' मी म्हणाले, आणि पुढचा शब्द नीट आठवून मग उच्चारला.