पैसे देऊन आणलेली येडी बाभळ

एप्रिलमध्ये मी नर्सरीतून एकशे वीस डॉलर मोजून वेडी बाभूळ घरी आणली. आबांना हे फोनवर सांगायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"काय आणलंस?"

"मेस्किट म्हणतात इकडं. आपल्या येड्या बाभळीची चुलत बहीण."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग एवढंच, "पैसं देऊन?"

त्यांचंही बरोबर आहे. आटपाडीच्या आमच्या रानात बांधावरची हीच बाभूळ उपटायला त्यांनी दोनदा जेसीबी लावलाय. शेळ्या शेंगा खातात, लेंड्यांतून बी रानभर पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात ओढ्यापासून डाळिंबाच्या बागेपर्यंत काटेच काटे. चपलेतून आरपार गेलेला तो काटा ज्याने सुईने काढलाय, त्याला पुढचं सांगायला नको.

मी राहते ते टूसॉन (स्पेलिंगमधला सी गिळायचा) अ‍ॅरिझोनात आहे. वर्षाचा पाऊस तीनशे मिलिमीटरच्याही आत, म्हणजे आमच्या माणदेशापेक्षा कमी. तरी आम्ही 'दुष्काळी पट्टा' आणि हे 'डेझर्ट', ज्याचे फोटो लोक भिंतीवर लावतात. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. कोलोरॅडो नदीचं पाणी पंपांनी चढवत 540 किलोमीटरच्या कालव्यातून इथवर आणलंय. आमच्याकडे टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आणलं, ते काय कमी आहे का? हे मी इथल्या पार्ट्यांमध्ये दोन-तीनदा ऐकवलंय. कोणी विचारलं नसताना.

पहिली तीन वर्षं मी हट्टाने हिरवळ लावली. जूनमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की ती पापडासारखी व्हायची. कढीपत्ता लावला, तो जानेवारीतल्या एका रात्रीच्या हिमाने गेला. दुसरा ऑनलाइन मागवावा म्हटलं, तर रोपवाटिका अ‍ॅरिझोनात पाठवत नाही म्हणाली. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्याच कुळातला, त्याच्यावरून लिंबूवर्गीय झाडांची कीड येते म्हणून बंदी. मेथी-कोथिंबीर मात्र ऑक्टोबर ते मार्च झकास येते, उन्हाळ्यात तो वाफा रिकामा ठेवायचा.

मेस्किटचं वेड लावलं शेजारच्या आजोबांनी. गेल्या वर्षी कागदी पिशवीतून त्यांनी पिठूळ काहीतरी आणून दिलं. विचारलं तर म्हणे शेंगांचं पीठ. मला हसूच आलं. ज्या शेंगा आम्ही शेळ्यांपुढे टाकतो, त्या हे लोक जूनअखेरीला, पाऊस पडायच्या आत झाडावरून तोडतात, दळून आणतात आणि पाहुण्याला देतात. पावसानंतर बुरशी लागते, म्हणून घाई. इथले मूळ रहिवासी टोहोनो ओओधम पिढ्यान् पिढ्या हे पीठ खात आलेत. चव खारीक आणि भाजलेले शेंगदाणे यांच्या मधली. ज्वारीच्या पिठात पाचवा हिस्सा मिसळून भाकरी केली, तर तव्यावर टाकल्या टाकल्या करपली, कारण शेंगेत साखरच भरपूर. दुसरी मंद आचेवर केली. ती लसणाच्या चटणीबरोबर खाताना मला उगाचच अपराधी वाटलं, आबांपासून लपवून काहीतरी खातेय असं.

खड्डा खणताना मात्र गाव आठवलं. दीड फुटावर पांढरा, सिमेंटसारखा थर लागला. इथे कलीची म्हणतात, आपल्याकडची चुनखडच, फक्त जास्त घट्ट. फावडं टण्णकन उडालं. नवरा म्हणाला, मशीन भाड्याने आणू. मी म्हटलं, पहार आण. दोन शनिवार गेले, पण फोडला.

मग रस्त्याकडेच्या काठाला महापालिकेची परवानगी काढून हातभर खाच पाडून घेतली, म्हणजे रस्त्यावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी झाडाच्या खड्ड्यात वळेल. पाणलोटाची कामं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू आहेत, त्यामुळे मला यात नवीन काही वाटलं नाही, असं मी इथे लिहितेय. खरं सांगायचं तर शहरातल्या डांबरी रस्त्यालाच कोणी ओढा समजेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आबांचा मुद्दा मात्र राहिलाच होता. "येड्या बाभळीखाली गवतबी उगवत न्हाई." आपल्याकडे खरं आहे ते. ती मध्य अमेरिकेकडून आणलेली, आली आणि सगळ्यांना दाबून बसली. इकडची इथलीच आहे. सहुआरो हा तो उंच, हात पसरलेला निवडुंग, त्याची रोपं लहानपणी हिच्या किंवा पालो व्हेर्दे नावाच्या इथल्याच झाडाच्या सावलीतच तगतात. पहिला हात फुटायला त्याला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात. आमच्या अंगणातल्याला अजून एकही नाही. मी हिच्या बुडाशी चिल्तेपीन लावली, वाटाण्याएवढी लालभडक रानमिरची, तिलाही अशीच सावली लागते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस आला. इथेही त्याला मॉन्सूनच म्हणतात. तासाभराचा खेळ, पण क्रियोसोटच्या झुडपांचा असा वास सुटतो की मातीच्या वासाची आठवण काढायला सवड मिळत नाही. रस्त्यावरून गढूळ पाणी धावत आलं, खाचेपाशी अडखळलं आणि वळलं. खड्डा भरला. मी भिजतच आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे सहा, ते गोठ्यात होते. फोन पाण्यावर धरला.

झाडाबद्दल ते काही बोलले नाहीत. मिरची दाखवली, तिच्याकडेही पाहिलं नाही.

"मुरतंय का?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच तर भरलंय, आबा."

"मग थांब की. मुरंस्तवर फोन ठिवू नगं."