खालची पट्टी

आमांश घडवणाऱ्या एंटामिबा हिस्टोलिटिका या अमिबामध्ये रायबोसोमल आरएनएची (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची) जनुकं गुणसूत्रांपासून वेगळ्या, गोल डीएनएवर असतात. प्रयोगशाळांत सर्रास वाढवला जाणारा एचएम-१ हा स्ट्रेन, म्हणजे वाण, घेतला, तर हे वर्तुळ सुमारे २४.५ किलोबेसचं (किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) भरतं. मला ते शुद्ध स्वरूपात हवं होतं.

पहिल्या खेपेला जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, पट्टी नव्हतीच, नुसता खालपर्यंत ओघळ. धुतलेल्या पेशी बर्फावर ठेवून मी लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडायचं द्रावण, बनवायला बसले होते, तेवढ्यात पेशींतल्या न्यूक्लिएझनी, म्हणजे डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमनी, डीएनए कुरतडून टाकला. दुसऱ्या खेपेला डीएनए मिळाला, पण बुळबुळीत, आणि डीएनए ठरावीक जागी कापणारं रिस्ट्रिक्शन एन्झाइम त्याला कापेना. सोबत पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, आली होती. ती काढायला सीटॅब हे डिटर्जंट वापरावं लागलं.

तिसऱ्यांदा सगळं आधी मांडून ठेवलं. कल्चरच्या नळ्या दहा मिनिटं बर्फात ठेवल्या की काचेला धरून बसलेले अमिबे सुटतात. ते गोळा करून, धुऊन, लगेच एसडीएस आणि ईडीटीएच्या बफरमध्ये सोडले. एसडीएस हे डिटर्जंट पेशी फोडतं. ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवतं, त्यामुळे बरेचसे न्यूक्लिएझ लुळे पडतात. गढूळ द्रव बघता बघता नितळ आणि तारेदार झाला. इथून पुढे घाई बंद. व्हॉर्टेक्सवर (नळी जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) हलवणं नाही, पिपेटची टिपही टोक कापून रुंद केलेली. कारण वर्तुळाच्या एका धाग्याला जरी चीर गेली, तरी पीळ सुटतो आणि ते सीझियम क्लोराइडच्या ग्रेडियंटमध्ये (वेगाने फिरवून घनतेप्रमाणे डीएनए वेगळा करणाऱ्या द्रावणात) रेषीय डीएनएबरोबर वरच्या पट्टीत जातं. अखंड वर्तुळ इथिडियम ब्रोमाइड हा डीएनएत शिरून त्याची घनता घटवणारा रंग कमी शोषतं, म्हणून जड राहतं आणि खाली उतरतं.

नळी अतिनील दिव्यासमोर धरली. वर जाड नारिंगी पट्टा, आणि त्याखाली केसाएवढी एक रेघ. या अमिबाला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए नसतोच, त्यामुळे ही रेघ त्याची असेल ही शंकाही नव्हती. हात थरथरत होते, पण रेघ ओढून घ्यायची सुई नीट गेली.

ब्युटेनॉलने रंग काढला, डायलिसिस करून क्षार काढले, एन्झाइमने कापून जेल चालवलं. पट्ट्यांच्या लांबीची बेरीज मात्र २४.५ ला कमी पडली. दोन दिवस वाटत राहिलं की काहीतरी हातचं गेलं. मग लक्षात आलं, काही पट्ट्या प्रमाणाबाहेर ठळक होत्या. या वर्तुळावर ५.९ किलोबेसचं आरडीएनए युनिट, म्हणजे रायबोसोमल आरएनएच्या जनुकांचा संच, दोनदा, एकमेकांकडे उलट्या दिशेने असतं. दोन्हींतून सारखेच तुकडे पडतात आणि जेलवर एकाच जागी बसतात. त्या पट्ट्या दोनदा धरल्या आणि बेरीज जुळली.